छप्पर उतरवलेल्या हॉलमधलं लग्न

हॅलो? …हो ताई, बोल. ऑफिसातच आहे. थांब, बाहेर येते, वर ठोकाठोक चाललीय… हां, आता बोल.

…खरं आहे ते. लग्नाच्या हॉलचं छप्पर उतरवलं. …अगं, पुढच्या महिन्यात निघायचं होतं, पण एक तुळई वाळवीनं पोखरलेली निघाली. एक सांधायला जावं तर तेरा तुटतात… नाही गं, उद्यापुरतं परत कसं चढवतील? जुनी सरकारी इमारत, एकेक कौल खडूनं नंबर घालून उतरवलंय. व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नाही.

…हो, हो… अगं ऐक ना. लग्न उद्याच होणार. आमचे रजिस्ट्रार साहेब म्हणाले, मागच्या खोलीत सह्या घेऊ. पंखा आहे, खुर्च्या आहेत…

…माहीत आहे मला. तुझं नि भावोजींचं याच हॉलमध्ये झालं. मीच नव्हते का साक्षीदार? …हो, लेकीला तिथंच सही करायचीय. तिचे बाबा नाहीत, निदान त्यांची जागा तरी… कळतं गं. म्हणून तर सकाळपासून साहेबांच्या खनपटीला बसलेय.

…आधी नाहीच म्हणाले. मग छपरावरचा मुकादम म्हणाला, जेवणाच्या सुट्टीत माझी माणसं खाली असतात, तेवढ्यात उरका. साहेब म्हणाले ठीक आहे, पण प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट हवं. …हो, नवरीच्यासुद्धा. …हस, हस. किती दिवसांनी हसलीस.

…ऊन? येणारच ना. भर दुपार, वर नुसतं आभाळ…

ताई, एक विचारू? तुमच्या लग्नात तेच छप्पर गळत होतं. भावोजींनी हॉलमध्येच छत्री उघडली, आठवतं? सगळी तुझ्यावर धरली आणि स्वतः भिजत सही केली. अख्खं ऑफिस हसत होतं. …ती छत्री आहे अजून?

…ताई?

…रड. मी आहे फोनवर. मलाही फार आठवण येते गं त्यांची.

…एक काडी मोडलीय? असू दे. तू धर लेकीवर. …हो, हेल्मेटवरून. लोक हसले तर हसू देत, तेव्हाही हसलेच होते.

…बरं, आत्ताच शोधून ठेव, उद्या गडबडीत राहील. …दारामागे? …त्यांनी टांगली होती तशीच?

…बरं ताई. नको हलवूस. उद्या निघताना घे. ठेवते.