हुंकाराची जागा

— नाय सर, माझ्या हरेशचं नाव कॅसेटच्या शाळेतून कापू नका. पेन ठेवा आधी खाली. पेणच्या हापिसात विचारलं तर म्हणाले, नाव ठेवायचं की कापायचं ते रोह्याचे सर ठरवतात — म्हणून मी उपाशीच गाडीत बसले. कॅसेट कोरी परत आली म्हणता, पण सगळी कुठे ऐकलीत? प्रश्न विचारून तुम्ही जागा सोडता, पोरानं बटण दाबून तिथं उत्तर भरायचं — ते भरलं नाय, कबूल. तारा चोरल्या म्हणून सुधारगृहात नेलं, तेव्हापासून माझ्याशी तरी कुठे बोललाय? जाळीपलीकडे मान खाली घालून बसतो. गावात, कासूत, बाया विचारतात, पोर कुठाय गो? मी सांगते, मामाकडे शिकतोय. मामा खोटा, पण शिकणं तरी खरं ना? ते तरी राहू द्या.

दुसरी बाजू लावा. अगदी शेवटाला न्या. हां — हा माझा आवाज. रागावू नका. कॅसेट पोचवायला तुम्ही माझ्याच हाती दिलीत, आणि नेमका श्रावणातला शुक्रवार आला. जिवतीची पूजा — पोर समोर असलं तर ओवाळायचं, लांब असलं तर चारी दिशांना अक्षता टाकायच्या. टाकल्या. पण तेवढ्यानं जीव राहीना. म्हटलं, अक्षता पोचतात की नाय देवी जाणे, ही कॅसेट तर नक्की पोचते. शेजारच्या दिपिकाच्या टेपवर तिच्यात जिवतीची कहाणी भरली. — पाठ? व्हय, शेवटचा थोडा पुसला गेला. चुकलंच. पण ऐका ना! कहाणीला हुंकार लागतो. एवढासा होता तेव्हापासून तोच द्यायचा, मांडीवर डोकं ठेवून. म्हणून मीही तुमच्यासारखी जागा सोडली. ऐका — ‘तिचं बाळ कुणी नेलं...’ — ऐकलंत? ‘हूं.’ पुन्हा — ‘हूं.’ आवाज घोगरा झालाय, पण त्याचाच! दर जागेला बटण दाबलंय त्यानं, सर. बापानं टाकलाय त्याला. तुम्हीही टाकलात तर कुणाला हूं म्हणेल तो?

द्या ते पुस्तक. सातवी झालेली हाय मी. कुठला पाठ पुसला — बाष्पीभवन? म्हणजे आपलं मिठागरच की. दाबा ते लाल बटण. मी भरते.

‘ऐका मिठागरा, तुमची कहाणी. खाडीकाठी एक गाव होतं. भरतीचं पाणी वाफ्यात आलं, तिथंच कोंडलं गेलं. ऊन तापलं, पाणी वर गेलं. मग वाफ्यात काय राहिलं, हरेश?’

— नका, सर. तुम्ही नका बोलू. ती जागा त्याची हाय.