माघातली रिकामी चाळ

वहिनी, सरांचे विद्यार्थी, विद्यापीठातले साहेब लोक, आणि नामपूरहून टेम्पोत बसून आलेल्या माझ्या माणसांनो,

मला बोलायला उभं केलंत. मी शाळा अर्ध्यात सोडलेला माणूस. वेल्डिंग बघून शिकलो, नकाशे वाचायला माझा मी शिकलो. बोलताना सहसा अडत नाही. आज अडतोय. देवरे सरांबद्दल 'होते' म्हणायची जिभेला सवय नाही.

ज्यांना माहीत नाही, त्यांच्यासाठी सांगतो. सर कांदा साठवणुकीवर संशोधन करायचे. उन्हाळी कांदा चाळीत का सडतो? खालून हवा नाही म्हणून. ढीग उंच रचला म्हणून. सरांनी जमिनीपासून उचललेली चाळ शोधून काढली. तळाला हवेची वाट, बाजूंना फटी, ढीग छातीच्या वर नाही. पहिली चाळ मी उभी केली, नामपूरला सुमनबाईंच्या मळ्यात. एक पट्टी बोटभर सरकली होती. सर म्हणाले, "मिस्त्री, कांद्याला आपल्या सोयीनं श्वास घेता येत नाही. काढा ती." काढली. माझ्या कामात कुणी चूक काढलेली मला खपत नाही. सरांची खपायची.

ती चाळ बघून शेजारच्या मळ्यात दुसरी झाली, मग पुढच्या गावात. लोक तिला 'मिस्त्रीची चाळ' म्हणतात. मी दर वेळी दुरुस्त करतो, सरांची म्हणा. कौतुक मला आवडतं, पण माझ्या वाट्याचं.

मग विद्यापीठानं पुरावा मागितला. संशोधनाचा समाजाला उपयोग काय, ते दाखवा. त्यावर काम पुढे चालणार की बंद होणार, ते ठरणार होतं. सर म्हणाले, "श्रावणात या. चाळी भरलेल्या असतात. आत उभे राहा आणि वास घ्या. सडका वास आला, तर मी खोटा." 

विद्यापीठाची समिती आली माघात. का? मार्चच्या आत दौरा उरकायचा होता म्हणून.

माघात उन्हाळी कांद्याची चाळ कशी असणार? रिकामी. कांदा दिवाळीच्या आसपासच विकला गेलेला. सुमनबाईंनी आत शेळ्या बांधल्या होत्या, एका कोपऱ्यात खाट टाकली होती. जीपमधून उतरलेले साहेब नाकाला रुमाल लावून म्हणाले, "देवरे, हा तर गोठा आहे."

सर म्हणाले, "साहेब, महिना चुकला."

सुमनबाई मात्र थांबतात होय! "कांदा इकाई गया भाऊ! तुमले दखाडाकरता सडेल कांदा ठेवूत का?"

आम्ही हसलो. साहेब हसले नाहीत. अहवालात आलं: चाळी वापरात नाहीत.

मंडळी, चाळ रिकामी होती, कारण कांदा शाबूत राहिला आणि शाबूतच विकला गेला. याहून मोठा पुरावा कुठून आणायचा होता? सडलेला कांदा मोजता येतो. न सडलेला कांदा लोक खाऊन टाकतात. त्याची पावती कोण देणार?

काम बंद झालं. सरांना परीक्षा विभागात बसवलं. तरी दर पावसाळ्यात रविवारी स्कूटरवर नामपूरला यायचे. मी म्हणायचो, "सर, आता कशाला?" ते म्हणायचे, "वास घ्यायला, मिस्त्री." चाळीत शिरायचे, डोळे मिटून उभे राहायचे. मग बाहेर यायचे. सडका वास नाही, हे चेहऱ्यावरून कळायचं.

आत्ता माझ्या आधी बोललेले साहेब म्हणाले, "देवरेंचं संशोधन शेताच्या बांधापर्यंत पोचलं." साहेब, खरं बोललात. पण त्या जीपमध्ये तुम्हीच होतात. रुमाल तुमचाच होता. हे वाक्य त्या माघात बोलला असतात, तर माझ्या सरांनी ते कानांनी ऐकलं असतं. आज ते वहिनींना ऐकावं लागतंय. हार घातलेल्या फोटोसमोर पुरावा लागत नाही, नाही का?

राग आहे मला. शोकसभेत राग धरू नये म्हणतात. मला दुसरं काही आणता आलं नाही.

आता सगळे उभे राहा. दोन मिनिटं कुणी बोलू नका. समोर सरांची खुर्ची ठेवली आहे, ती बघा. साहेब, तुम्हीही बघा. ती रिकामी आहे. पण रिकामी दिसली म्हणून वापरात नव्हती, असं पुन्हा लिहू नका.