चौदा बाळंतिणींचा फोन

वल्लरी : ...नाही सर, मला मयूरीताईंशीच बोलायचंय. गेल्या महिन्यात बाळंत झाल्या ना त्या?

नाथाजी : झाली की. मुलगा झाला. बाळबाळंतीण झ्याक हाईत. बोला.

वल्लरी : मग त्यांना फोन देता का जरा?

नाथाजी : ती ऱ्हाती खालच्या आळीला, बाई. आमी वर, माळावर. तुमी मलाच इचारा. तिच्या वतीनं मी सांगतो.

वल्लरी : तुम्ही त्यांचे कोण?

नाथाजी : नात्यानं कुणी न्हाई. मी हवालदार नाथाजी. रिटायर.

वल्लरी : मग आमच्याकडं मयूरीताईंचा नंबर म्हणून तुमचा नंबर कसा?

नाथाजी : आता आमच्या गावात रेंज म्हणशीला, तर ती फकस्त आमच्या अंगणात, ह्या उंबराखाली. आन् मयूरीचा दाल्ला हाय विजयवाड्याला, गलाईच्या दुकानात. सोनं गाळतोय. घरात फोन एकच, त्यो त्येच्या खिशात. मंग सिस्टर म्हणली, नाथाजीबाबा, तुमचा नंबर घालू का? म्हणलं, घाल.

वल्लरी : एक मिनिट हं... अहो, या एका नंबरवर मला चौदा माता दिसतायत!

अंबूबाई : चौदा? अकरा हुत्या न्हवं?

वल्लरी : हे कोण बोलतंय?

नाथाजी : आमचं घरचं मंडळ. अंबूबाई. फोन स्पीकरवर हाय, तिला जरा ऐकू कमी येतं.

अंबूबाई : मला समदं ऐकू येतंय. कमी ह्येंलाच येतं. तोफखान्यात हुते.

वल्लरी : बरं. सर, मी परत सांगते. मी वल्लरी. पुण्याहून, आरोग्य विभागाच्या पडताळणी कक्षातून बोलतेय. सरकारी दवाखान्यानं सेवा दिली असं कागदावर लिहिलंय, ती खरंच मिळाली का, एवढंच विचारायचंय. फक्त हो किंवा नाही सांगायचं.

नाथाजी : व्हय.

वल्लरी : अहो, अजून प्रश्न विचारलाच नाही!

नाथाजी : इचारा की. उत्तर तयार हाय.

वल्लरी : गरोदरपणात सिस्टर घरी येऊन तपासून गेल्या का?

नाथाजी : व्हय. ह्ये खरंच व्हय.

वल्लरी : 'हे खरंच' म्हणजे?

नाथाजी : काय न्हाई. फुडं चला.

वल्लरी : लोहाच्या गोळ्या मिळाल्या का?

नाथाजी : मिळाल्या. व्हय.

अंबूबाई : खाल्ल्या का इचारा. परड्यात टाकल्या तिनं. औंदा वांगी काय आलीत म्हणता!

नाथाजी : तू तुझी ज्वारी पाखड गं. बोला बाई.

वल्लरी : प्रसूतीसाठी नेताना सरकारी रुग्णवाहिका मिळाली का?

नाथाजी : व्हय.

अंबूबाई : आगं बया!

वल्लरी : किती वेळात आली?

नाथाजी : वीस मिनटात.

अंबूबाई : कुठनं? आभाळातनं? आवं, पोटात पाप ठेवून बोलू नका. बाई, बिरदेवाच्या दुधाच्या टेम्पोतनं न्हेली तिला. दोन क्यानांच्या मधी बसवून! टेम्पो मोठ्या दवाखान्याच्या फाटकात शिरायला आन् पोरगं भाईर यायला एकच गाठ पडली. समदं गाव त्येला आता क्यानू म्हणतंय.

वल्लरी : क्यानू?

नाथाजी : पाळण्यातलं नाव येगळं हाय. तुमी वीस मिनटं लिवा.

वल्लरी : पण सर, गाडी आलीच नाही ना?

नाथाजी : गाडी हाय. आमच्या दवाखान्याच्या म्होरंच उभी हाय.

अंबूबाई : उभीच हाय! टायर भुईला टेकल्यात. ड्रायव्हरचं कंत्राट दोन सालामागं दिवाळीत संपलं, त्यो बी ग्येला. आत कोंबड्या अंडी घालत्यात.

नाथाजी : अंबू, गप! थांबा हो बाई, जरा होल्ड करा.

(तोफखान्याच्या हवालदारानं जन्मात कुणापुढं घेतली नव्हती ती माघार घेतली. फोन बाजेवरच्या गोधडीखाली दडपला आणि वर आपण बसला. स्पीकर बंद करायचा राहिला, हे त्याच्या गावीही नव्हतं.)

अंबूबाई : बसलासा व्हय त्येच्यावर? पोरगी गुदमरंल की आत.

नाथाजी : हळू बोल. मागल्या खेपंला काय झालं, इसरलीस? तुझ्या मैतरणीनं, हरणाबाईनं, असाच फोन घेतला आन् लागली हरिश्चंद्रावानी खरं बोलायला. गाडी आली न्हाई म्हणली. मंग? गाडी आली?

अंबूबाई : न्हाई.

नाथाजी : नोटीस आली. ती बी कुणाला? रातध्याड राबत हुती त्या जुन्या सिस्टरला. तिची झाली बदली आन् दवाखान्याला लागलं कुलूप. आठ महिनं! लस द्यायला पोरं काखंला मारून कुठं कुठं हिंडत हुतासा, सांग की.

अंबूबाई : म्हणून तवापास्नं तुमी...

नाथाजी : तवापास्नं आर्डर एकच. काय बी इचारू दे, व्हय म्हणायचं. ही चारुशीला सिस्टर टिकली पायजे. उसाच्या ट्राल्या चुकवत स्कूटीवरनं येती पोरगी, आपल्या सुनंचं, साक्षीचं बीपी बघाय. मयूरीच्या टेम्पोत मागं उभी ऱ्हाऊन सलाईन कुणी धरली? तिनंच न्हवं? आता मी न्हाई म्हणलं की सुरी तिच्याच मानंवर.

वल्लरी : सर, मला ऐकू येतंय.

नाथाजी : आत्ता गं! कुठनं?

वल्लरी : खालून येतंय. पण सगळं येतंय.

अंबूबाई : उठा तिच्यावरनं आधी!

नाथाजी : उठलो... पोरी, ऐकलंस त्ये ऐकलंस. आता व्हय लिव्ह आन् मिटव.

वल्लरी : तुम्ही तेरा जणींची उत्तरं आधीच दिलीत. मी बघतेय ना. हो, वीस मिनिटं. हो, वीस मिनिटं. एकीचीसुद्धा एकवीस नाहीत.

नाथाजी : शिस्त हाय. बरं, एक सांग. आमच्या सिस्टरचा रिपोट चांगला असंल की मंग?

वल्लरी : चांगला? रुग्णवाहिकेच्या सेवेत तुमचं केंद्र तालुक्यात पहिलं आहे.

नाथाजी : ऐकलंस का गं? पैला नंबर! तालुक्यात!

अंबूबाई : थांबा, कोंबड्यांस्नी सांगून येते.

वल्लरी : पण सर... जाऊ दे. हे मी सांगायचं नसतं.

नाथाजी : सांग की. मुलूख कुठला तुझा? बोलण्यावरनं इकडचीच वाटतीस.

वल्लरी : माधवनगरची. आजोबा गिरणीत होते.

नाथाजी : मंग आपलीच लेक निघालीस की! बोल बिनघोर.

वल्लरी : काका, जिल्ह्याला नव्या गाड्या आल्यात. ड्रायव्हरसकट. जिथं रुग्णवाहिका मिळत नाही म्हणून लोकांनी सांगितलंय, तिथं त्या देणार. पहिल्या नंबरवाल्यांना कशाला देतील? त्या यादीत तुमच्या केंद्राचं नाव नाही.

नाथाजी : म्हंजे?

अंबूबाई : म्हंजे काय? तुमी तेरा येळा व्हय म्हणून दारात येणारी गाडी दुसऱ्याच्या दारात धाडली.

नाथाजी : मी? अगं, मी तर सिस्टर वाचवाय...

अंबूबाई : आन् साक्षीला कुठल्या क्यानांत बसवायची? येत्या पुनवंला दिस भरत्यात तिचं. पैलटकरीण. बीपी चढतंय. जयराज तिकडं बर्फात पहारा देतोय. जाताना काय म्हणाला पोरगा? 'आबा, घरात तुमी हाईसा म्हणून निर्धास्त जातो.' बिरदेवाचा टेम्पो सकाळी जातो, तो दिस कलल्यावर येतो. मधीच कळा आल्या तर काय कराल? वीस मिनटं मोजाल?

नाथाजी : थांब गं. सुधरंना झालंय मला.

वल्लरी : काका, मलाही फार थांबता येत नाही. फोन लांबला की मॅडम येऊन मागं उभ्या राहतात.

नाथाजी : पोरी, समज मी न्हाई म्हणलं. फुडं काय हुतं?

वल्लरी : पुढचा प्रश्न उघडतो. 'जबाबदार कोण?' त्यात चार पर्याय आहेत. सिस्टर, आशाताई, ड्रायव्हर, किंवा लाभार्थी घरातून उशिरा निघाली.

अंबूबाई : टायर द्यायचं ज्येच्या हातात हाय, त्यो सायब न्हाई का त्यात?

वल्लरी : यादी साहेबांनीच केलीय, मावशी.

नाथाजी : फौजेत बी ह्येच. तोफ अडली की शिक्षा म्हणून गनरला पळवायचा. बरं, ड्रायव्हर घाल. त्यो न्हाईच तर त्येचं काय वाकडं हुतंय?

वल्लरी : ड्रायव्हर नसेल तर नोटीस हजर असलेल्या कर्मचाऱ्याला जाते.

अंबूबाई : म्हंजे आली फिरून चारुशीलावरच.

नाथाजी : मंग लाभार्थी घाल! माझंच नाव घाल. तुमच्या कागदावर चौदा बाळंतपणं माझीच हाईत. येळंवर निघालो न्हाई, चूक झाली म्हणावं.

वल्लरी : त्यानं गाडी येत नाही, काका. फक्त मातेच्या घरी पत्रक येतं. 'वेळेवर निघा' असं.

अंबूबाई : त्यात दुधाच्या टेम्पोची येळ तरी छापा म्हणावं.

वल्लरी : खाली... खाली पाचवा एक आहे तसा. 'इतर'.

नाथाजी : आगं, मंग आदूगर सांगायचं न्हाई?

वल्लरी : तो शक्यतो घ्यायचा नाही, असं शिकवलंय आम्हाला. बाकीच्या नोटिसा मशीन काढतं. 'इतर'मध्ये लिहिलेलं मात्र जिल्ह्याला कुणातरी माणसाला वाचावं लागतं. आणि काय केलं ते खाली सही करून कळवावं लागतं.

अंबूबाई : वाचू दे की. पगार घेतोय न्हवं?

नाथाजी : तुला तरास हुईल का गं, पोरी?

वल्लरी : विचारतील, का घेतलं म्हणून. विचारू देत. सांगा तुम्ही, मी लिहिते.

नाथाजी : लिव्ह. 'मेहेरबान सायबांच्या सेवेशी सविनय सादर...'

अंबूबाई : सविनय ऱ्हाऊ दे. गाडीचं बोला.

नाथाजी : लिव्ह. 'दवाखान्याच्या गाडीचं टायर गेल्यात. ड्रायव्हर न्हाई. सिस्टरनं वर कळवलं, वरनं उत्तर न्हाई. सिस्टरची चूक न्हाई. ती टेम्पोत चढली म्हणून माय आन् लेकरू आज जित्तं हाय.'

वल्लरी : '...जिवंत आहेत.' पुढं?

नाथाजी : 'आधी तेरा येळा व्हय सांगितलं त्ये खोटं हुतं. नोटिशीच्या भ्यानं सांगितलं. सांगणार, हवालदार नाथाजी.'

अंबूबाई : कोंबड्या लिवल्या का?

नाथाजी : सरकारी कागदावर कोंबड्या कशाला?

अंबूबाई : लिवा वो! टायर वाचून सायब पान उलटंल. कोंबड्या वाचून उठून बसंल.

वल्लरी : लिहिल्या, मावशी. 'गाडीत कोंबड्या अंडी घालतात.' रकान्यात मावलं बरोब्बर.

नाथाजी : पोरी, आता एक खरं सांग. सिस्टरला काय हुणार न्हाई न्हवं?

वल्लरी : मशीनकडून नाही होणार. माणसांचं मला सांगता येत नाही, काका.

नाथाजी : व्हय. सरळ बोललीस. लय भ्या वाटतंय बघ मला. तोफंम्होरं उभं ऱ्हाताना एवढं वाटलं न्हवतं.

अंबूबाई : भ्यायचं काय त्यात? आज चारुशीला आली की मीच सांगते तिला, असं असं लिवलंय म्हणून. आन् आलीच नोटीस, तर जाऊ समद्या सांगलीला, झेडपीत. चौदाच्या चौदा बाळंतिणी, पोरं काखंला मारून. बघू कोण बदली करतंय.

नाथाजी : क्यानूला म्होरं ठेवा. लय वराडतंय.

वल्लरी : मग काका, मला प्रश्न परत विचारावा लागेल. उत्तर तेवढं रेकॉर्ड होतं, ते तुमच्या तोंडून पाहिजे. प्रसूतीसाठी नेताना सरकारी रुग्णवाहिका मिळाली का?

अंबूबाई : बोला की. जीभ का अडखळती आता?

नाथाजी : सवय न्हाई गं... न्हाई. मिळाली न्हाई.

वल्लरी : धन्यवाद. नोंद झाली. आणि काका, साक्षीताईंच्या वेळी फोन येईल तेव्हा तो त्यांच्याच हातात द्यायचा हं. तुम्ही बोलायचं नाही.

नाथाजी : दितो की. ती न्हाई म्हणायला कुणाच्या बाला भ्यायची न्हाई. सासूवर गेलीया.

वल्लरी : ठेवते. मॅडम आल्या.

अंबूबाई : ठेवला?

नाथाजी : ठेवला.

अंबूबाई : मंग? पुनवंच्या आत येती का गाडी?

नाथाजी : ठावं न्हाई. पर आलेली न्हाई, एवढं तरी आज कळलं सरकारला.