माझ्या कड्या आणि मेव्हण्याच्या डुकरिणी

हसा, हसा! तुमच्या परसात कुणी डुकरिणी आणून सोडल्या नाहीत ना, म्हणून हसताय... तुम्हाला सांगतो, माझं दुकान कड्या-कुलपांचं, वडिलांपासूनचं, आणि मेव्हणा दोन डुकरिणी घेऊन दारात उभा. "दाजी, घर बदलतोय, तेवढे दिवस ठेवा. डुकराला काय अक्कल असते!" ठेवल्या बाबा. एक मोठी, एक धाकटी, खोपटाच्या फाटकाला माझ्याच दुकानातली कडी. सकाळी बघतो तर दोघी दुकानासमोरच्या चहावाल्याच्या बाकड्यापाशी! तो भर रस्त्यात ओरडतो, "शेठ, कडी तुमच्याकडचीच ना?" माझ्यासमोरच्या गिऱ्हाइकानं हातातली कडी हळूच खाली ठेवली... आणि म्हणे डुकराला काय अक्कल!

मग अडसर घातला, तो मोठीनं नाकानं सरकवला. साखळी लावली, तीही काढली. बायको म्हणते, "अहो, तिच्या देखत लावताच कशाला?" म्हणजे आता डुकरिणीची पाठ फिरायची वाट बघायची! शेवटी म्हटलं, यांची युती मोडू, धाकटीला पलीकडच्या खोपटात कोंडलं. तिनं असा गळा काढला की गल्ली गोळा झाली, आणि मोठी आपलं फाटक उघडून गेली, तिचं उघडलं, मग दोघी नाकाला नाक लावून हुं हुं करत बसल्या... मेव्हणा आला की बायको बसते ना, तश्शा!

हरलो. दोघींना एकत्र ठेवलं आणि दुकानातली सगळ्यात भारी, फाटक आपटलं की आपोआप लागणारी खटक्याची कडी लावली. काय आश्चर्य, उघडेना! दिवसामागून दिवस गेले, मी दुकानावर पाटी लावली, "डुकरिणीलाही न उघडणारी कडी!" गिऱ्हाईक परतलं हो...

आणि काल खाणं घालायला आत गेलो, वाऱ्यानं फाटक आपटलं, खट्! आत मी आणि त्या दोघी. फटीतून हात घालून बघितला, बाहेरचा खटका काही दबेना. हाका मारल्या तर बायको स्वयंपाकघरातूनच, "थांबा, दूध उतू जातंय!" चहावाला मात्र धावला, सोबत दुकानात खोळंबलेली गिऱ्हाइकं घेऊन. तेवढ्यात मोठी उठली, झोपमोड झाल्यासारखी माझ्याकडे बघून सुस्कारा टाकला, नाक फटीतून घातलं... खट्! मला ढुशी देऊन बाहेर काढलं आणि परत जाऊन धाकटीला टेकून झोपली. म्हणजे येत होतं हो तिला! पण एकदा ताटातूट सोसल्यावर, जोडीदारीण आत असताना बाहेर जायचं कशाला? आणि म्हणे डुकराला काय अक्कल!

पाटी उतरवली. आता कुणी विचारलं, "शेठ, पक्की आहे ना कडी?" तर सांगतो, "माणसांपुरती पक्की आहे. घेऊन जा."