लाजरसबाबांची करंगळी

मंडळी, ऐका! आधी एक विचारतो. देवानं एखाद्याला काम नेमून दिलं, की रस्ता मोकळा असायला हवा ना? दारं आपोआप उघडायला हवीत ना? बघा, मागचे लोक माना डोलवायला लागले! मग बोलावणं देवाचं, आणि दार मात्र तोंडावर आपटतं — हे कसं काय?

एस्तेर भिंगारदिवे म्हणून एक बाई होत्या. नगरला अंधांच्या शाळेत ब्रेल शिकवायच्या. ब्रेल म्हणजे ठिपक्यांची लिपी हो! कागदावर उठवलेले ठिपके बोटानं चाचपायचे आणि वाचायचं. एकदा प्रार्थनेत त्यांच्या मनानं घेतलं — शाळेपर्यंत पोचतात त्यांचं ठीक आहे, पण खेड्यात ओट्यावर बसून राहिलेल्या आंधळ्यांचं काय? प्रभू, मला तिकडे धाड!

प्रभूनं धाडलं — खडकवाडीला! तिथल्या चर्चच्या पंचांनी राहायला खोली दिली, पण बजावलं, "बाई, सुगीच्या सणापर्यंत एक तरी माणूस वाचायला लागला पाहिजे. नाहीतर तुमची नगरची शाळाच बरी!"

आणि गावात आंधळा माणूस होता एकच! लाजरसबाबा वाघचौरे. जातिवंत पाथरवट. खाणीत सुरुंग उडाला, कपच्या डोळ्यांत गेल्या आणि दृष्टी गेली. तेव्हापासून देवावर रुसलेले. चर्चचं तोंड बघणं — म्हणजे, चर्चला जाणं बंद!

बाई दारात उभ्या. "बाबा, तुम्हाला वाचायला शिकवते."

"डोळे होते तेव्हा मास्तरनं चौथीतून हाकललं मला. आता काय शिकवणार? निघा!"

धाड! दार बंद. झाला का रस्ता मोकळा?

दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा हजर. त्याच्या दुसऱ्या दिवशीही! दार उघडेना. पण बाबांची बायको सालूबाई हळूच म्हणाली, "बाई, मागच्या दारानं या. चहा टाकलाय." शेवटी म्हातारा वैतागला. "ही काही जायची नाही! आणा ते पुस्तक!"

पुस्तक आलं. बाबांनी बोट फिरवलं. "बाई, हे तर गुळगुळीत आहे!"

गुळगुळीत कसलं! जन्मभर हातोडा चालवून बोटांची कातडी चपलेसारखी झालेली. ठिपका कळणार कसा? सालूबाईनं तेल चोळलं, साय चोळली. वर म्हणते, "मला कधी साय मिळाली नाही, आणि ह्यांच्या बोटांची चैन बघा!" हसताय? पण महिने गेले आणि एक अक्षर लागलं नाही. सुगी जवळ आली. एक दिवस बाबांनी पुस्तक भिरकावलं आणि ढसाढसा रडले. "ह्या हातांवर घर चालवलं मी, बाई. आता तेच हात मला दगा देतात."

बाई खोलीवर आल्या, गुडघे टेकले. "प्रभू, तू दुसऱ्याच कुणाला हाक मारली होतीस का? आणि मी उगाच 'ओ' दिली?"

मग काय, आकाशवाणी झाली? नाही हो! सकाळ झाली. रोजची वेळ झाली. बाईंनी पदर खोचला, पुस्तक उचललं आणि निघाल्या. चमत्कार म्हणायचा तर हाच!

ओट्यावर बाबा चहा पीत होते. बशी डाव्या हातात. एकदम ओरडले, "सालू! मुंगी चढली गं करंगळीवर!"

बाई जागीच थबकल्या. "बाबा, मुंगी कळली तुम्हाला?"

"कळणारच! छिन्नी धरताना ही एकच मोकळी राहायची. हिनं जन्मात काम केलं नाही!"

मंडळी, बाईंनी ती करंगळी धरली आणि कागदावर ठेवली. बाबांनी ती हळूहळू सरकवली. "एक ठिपका... आणि हा खाली दुसरा... बाई! आहेत हो! ठिपके आहेत!" सालूबाई हसतेय काय, डोळे पुसतेय काय!

त्या दिवसापासून करंगळीला सुट्टी नाही, आणि सुगीचा सण आला. चर्च भरलेलं. लाजरसबाबा पुढे उभे, करंगळी ठिपक्यांच्या पवित्र शास्त्रावर. अक्षराला अक्षर जोडतायत, घाम पुसतायत. मध्येच हात वर! "थांबा! ओळ सुटली! कुणी हलू नका!" सगळं चर्च हसलं, आणि सगळं चर्च थांबलं. शेवटचा शब्द लागला तेव्हा पंचच आधी म्हणाले, "आमेन!" पुढल्याच आठवड्यात शेजारच्या गावची एक आई आंधळ्या लेकीला घेऊन आली. त्या पोरीला बाजूला बसवून बाबा म्हणाले, "आण पोरी हात. तुझं कुठलं बोट चालतंय बघू!"

आता तुमच्याकडे येतो! ताई, चारच पोरं येतात म्हणून तुम्ही रविवारची शाळा सोडलीत ना? दादा, कुणी विचारत नाही म्हणून आजाऱ्यांना भेटायला जायचं बंद केलंत ना? हाक देवाची होती. ती त्यानं परत घेतली, असं तुम्हाला कुणी सांगितलं? फळ कधी द्यायचं ते तो बघेल. तुम्ही उद्या सकाळी फक्त चपला घाला!

घालणार ना? मग मोठ्यानं म्हणा की हो! — हां, आता कसं! पेटीवाले, धरा सूर!