वरच्या काचा

मार्थाआत्या : आणि वरच्या काचा? त्या पुसायला काय देवदूत उतरणार हाईत व्हय?

पूर्णिमा : खालच्या झाल्या ना, आत्या. वर कोण बघतंय?

मार्थाआत्या : मी बघते की. पाळकसाहेब बोलत असत्यात तवा मी वरच बघते. खाली बघितलं की डुलक्या घेणारेच दिसत्यात. त्या शामूची मान पहिल्या गीताला पडती, ती आशीर्वादालाच उठती.

पूर्णिमा : चर्चमध्ये सगळ्यांचा हिशेब ठेवता तुम्ही.

मार्थाआत्या : ठेवते. तुझाबी ठेवलाय. दर शनवारी खारीवानी स्टुलावर चढणारी बया, आज खालीच घोटाळलीस. डावा हात पदराखालनं भाईर न्हाय. काय झालंय त्येला?

पूर्णिमा : काही नाही. आखडलाय.

मार्थाआत्या : वर कर बघू.

पूर्णिमा : आत्या, नको ना.

मार्थाआत्या : वर कर म्हणते.

पूर्णिमा : आई गं! सोडा… आणि हळू बोला. भरमूअण्णा बाहेर अंगण झाडतायत, ऐकू जाईल त्यांना.

मार्थाआत्या : पूर्णिमा. ती छातीतली गाठ हाय न्हवं?

पूर्णिमा : (पदर घट्ट ओढून घेत) हळू म्हटलं ना, आत्या.

मार्थाआत्या : अगं, हंगामाच्या सणाला तूच उभी राहून साक्ष दिलीस. देवाला वाहिलेल्या भोपळ्याचा लिलाव मधीच थांबवून. प्रभूनं गाठ विरघळवली म्हणालीस. सगळी मंडळी रडली. मीबी रडले, आणि मी कुणापायी सहज रडत न्हाय.

पूर्णिमा : तेव्हा खरंच बारीक झालती, आत्या. चिंचोक्याएवढी. हाताला लागेना. डॉक्टर म्हणाले होते, तरी सुई घालून तपासू. मी म्हटलं, साक्ष दिल्यावर आता कसलं तपासायचं? तपासायला गेले तर माझाच विश्वास नाही असं होईल. म्हणून गेलेच नाही.

मार्थाआत्या : आणि आता?

पूर्णिमा : आता लिंबाएवढी आहे. दगडासारखी. आंघोळ करताना हात लावायची भीती वाटते, आणि लावल्याशिवाय राहवत नाही. बालवाडीतली पोरं धावत येऊन बिलगतात, तर मी त्यांना लांब ढकलते.

मार्थाआत्या : नवऱ्याला, रविराजला सांगितलंस?

पूर्णिमा : आज संध्याकाळी मच्छ्याहून येतील. तिथं कारखान्यात त्यांनी सगळ्यांना माझी साक्ष सांगितलीय. कुठल्या तोंडानं सांगू?

मार्थाआत्या : साक्ष दिलीस त्याच तोंडानं.

पूर्णिमा : चेष्टा करू नका. सदलग्याची सौम्या तिच्या आईला घेऊन येते, मुद्दाम माझ्या बाकावर बसवते. ती माउली माझा हात धरून म्हणते, तुझ्याकडं बघून मला धीर येतो. तिला काय सांगू? मी खोटं बोलले म्हणू? का देवानं दिलेलं परत घेतलं म्हणू?

मार्थाआत्या : ती माउली औषध घेती का न्हाय?

पूर्णिमा : घेते की. सगळे केस गेलेत. सोमवारी परत बेळगावला जायचंय त्यांना.

मार्थाआत्या : बघ आता. ती तुझ्याकडं बघून दवाखान्यात जाती, आणि तू तिला काय वाटंल म्हणून दवाखाना चुकवतीस. असला उफराटा विश्वास मी आजवर बघितला न्हाय.

पूर्णिमा : मला मरायची भीती वाटते, आत्या. गुडघे टेकते आणि शब्दच फुटत नाहीत. नुसतं ‘नको, नको’ एवढंच येतं. ही काय विश्वासणाऱ्याची प्रार्थना झाली?

मार्थाआत्या : क्रुसावर चढवाय धरून न्यायच्या आधी बागेत प्रभू दुसरं काय म्हणाला? हा दुःखाचा प्याला नको, हेच की. घाम फुटला त्येला. त्येला भ्या वाटलेलं चालतंय आणि तुला न्हाय? तू काय त्येच्याहून मोठी विश्वासणारी लागून गेलीस?

पूर्णिमा : पण शेवटी तो म्हणाला, बापाच्या इच्छेप्रमाणं होऊ दे. मला ते म्हणवत नाही.

मार्थाआत्या : मग नको म्हणूस अजून. ‘नको’ एवढंच म्हण. ते तरी बापालाच सांगाय लागलीयास न्हवं? त्येच्यापासनं तुटली असतीस तर त्येच्यासमोर गुडघं कशाला टेकलं असतंस?

पूर्णिमा : आणि गाठ? ती परत का आली?

मार्थाआत्या : ते मला ठावं न्हाय. ठावं हाय म्हणणाऱ्याच्या नादाला मी लागत न्हाय. पर गाठ मोठी झाली म्हणून देव बारीक झाला न्हाय, एवढं मला कळतंय. सोमवारी सौम्याच्या गाडीतनं आपूनबी जायचं.

पूर्णिमा : तुम्ही? वंटमुरीच्या घाटात तुम्हाला मळमळतं.

मार्थाआत्या : मळमळू दे. आल्याचा तुकडा चघळत बसते.

पूर्णिमा : सुई घालताना आत एकटीलाच नेतात म्हणे. दार लावून घेतात.

मार्थाआत्या : दाराभाईर मी हाय. त्या बागेत प्रभूनं तिघा शिष्यांना म्हटलं हुतं, माझ्यासंगट जागं ऱ्हावा. तिघंबी घोरली. मंडळीतल्या डुलक्या बघण्यात माझा जनम गेला, मी झोपंन व्हय?

पूर्णिमा : (हसता हसता डोळे पुसत) आणि उद्या? उपासनेला सौम्याची आई शेजारी येऊन बसेल.

मार्थाआत्या : ती हात धरायच्या आत तू तिचा धर. सांग, सोमवारी मीबी येणार हाय, मलाबी धीर दे. तीबी साक्षच की. पर आधी रविराजला. त्येला च्या पिऊ दे, मग सांग.

पूर्णिमा : त्यांना सांगताना तुम्ही बसाल शेजारी?

मार्थाआत्या : बसते. आता ते स्टूल आण हिकडं. वरच्या काचा मी पुसते.

पूर्णिमा : अहो, गुडघे बघा तुमचे! पडाल!

मार्थाआत्या : म्हणून तर तुला धराय सांगते. उजव्या हातानं धर. घट्ट. मलाबी भ्या वाटतं गं.