छबीचा डोळा का वाढत नाही

— नाही हो साहेब, मापात चूक नाही, लिहून घ्या माझ्याकडून. मापवाल्या ताईंचा हात म्हणजे — अहो, पिल्लाला गुंगीचं औषध द्यायचं, डोळ्यावर ती पेनासारखी नळी अलगद टेकवायची, मशीन आत आवाज सोडतं, तो मागच्या भिंतीवरून परत येतो आणि डोळा पुढून मागे किती लांब ते आकड्यात दिसतं — हे काम त्या सात वर्षं करतायत, एकेका डोळ्याला दहा-दहा वेळा! मी आपली पिंजऱ्यांची मावशी, मला आकडेमोड कळत नाही, पण कोण मन लावून काम करतं ते कळतं. बसा ना. त्या स्टुलावर नको, डुगडुगतं ते.

तर माकडाची सहा पिल्लं. सगळ्यांना चष्मे — माकडाच्या हाती कोलीत म्हणतात, आमच्याकडे माकडाच्या नाकावर भिंगं! टोपीला पट्ट्याने बांधलेली, उचकटायची सोय नाही. त्या भिंगांतून सगळं धूसर दिसतं, मग डोळा बिचारा नीट दिसावं म्हणून मागे मागे लांबत जातो, आणि लांबला की झालं, दूरचं दिसेनासं होतं. माणसाच्या पोरांचंही असंच होतं म्हणे, म्हणून तर हा सगळा खटाटोप. माझ्या नातीला सहाव्या वर्षी लागला चष्मा, हा एवढा जाड. तर पाच जणांचे डोळे कसे शहाण्यासारखे लांबले, एकट्या छबीचा — तुमच्या कागदावर ती चार नंबर — तो अडून बसलाय. म्हणून ताईंनी मापात घोळ घातला? त्यांना काढणार? चोर सोडून संन्याशाला फाशी!

चोर कोण म्हणजे? कुणी नाही हो, म्हण आहे ती. पाणी घ्या.

चष्मे? रोज धुते की, नियमच आहे — केळं खातात आणि तीच बोटं भिंगाला. पडदा ओढायचा, अंधार करायचा, म्हणजे उघड्या डोळ्यांना काही दिसायला नको, मग काढायचा, धुवायचा, पुसायचा, घालायचा. दोन मिनिटं. पाचही जणांचं तस्संच करते, शप्पथ. छबीचंही — छबीचंही दोनच मिनिटं. म्हणजे धुवायला दोन. वाळायला वेळ लागतो ना साहेब, फडक्याने पुसलं तर चरे पडतात. बाकीच्या पाचांचे? त्यांचे फडक्यानेच — अगं बाई.

असे बघू नका माझ्याकडे. सांगते. पहिल्याच आठवड्यात चष्मा काढला आणि पडदा जरासा सरकलेला राहिला, तर ही पोरगी गळ्यात पडून माझं तोंड बघायला लागली — भुवया, नाकातली चमकी, हा तीळ, एकेकाला बोट लावून! नवऱ्याने चाळीस वर्षांत एवढं निरखलं नाही मला. आमची नात चष्मा काढला की अशीच नाकाला नाक लावून माझं तोंड बघते, तेच आठवलं हो. सारला पडदा, नेली खिडकीपाशी. समोरच्या टाकीवर कबुतरं येतात, त्यांच्यात हरवून जाते. म्हटलं, तासाभराने काय बिघडतंय? बाकी तेवीस तास आहेच की तुमचं धुकं! तेवढ्याशा तासाने डोळा वाढायचाच थांबेल, हे मला काय ठाऊक?

किती? एक तास. रोज. पाच महिने. अंदाजे नाही, घड्याळ लावून — मी काय बेशिस्त बाई वाटले तुम्हाला?

लिहा. चार नंबर, रोज एक तास चष्मा काढला, मावशीने. ताईंचं माप बरोबर, हेही लिहा, मोठ्या अक्षरात. माझं व्हायचं ते होईल. चष्मा काढल्याची मला लाज नाही. ताईंच्या मानेवर सुरी येईपर्यंत गप्प बसले, त्याची आहे.

आता उठा साहेब, धुण्याची वेळ झाली. तुम्ही व्हा पुढे, ताईंना सांगा जाऊन. मी — ती बघा, मान पुढे करून बसलीय, मला पट्टा सोडायला सोपं जावं म्हणून. तिला काय सांगू मी आज?